फादर थॉमस स्टीफन्स : साष्टीचे पुराणकार

मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या फादर स्टीफन्स यांच्या ओव्या आपल्यापैकी बहुतेकांच्या परिचयाच्या आहेत. पुस्तकांतून, भाषणांतून त्या वरचेवर भेटतात. एका इंग्रज धर्मगुरूने आपल्या भाषेचे एवढे कौतुक करावे याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि त्या अभिमानापाशीच बहुधा ओळख थांबते. त्या ओव्या ज्या ग्रंथात येतात तो ग्रंथ जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा आहे. तो कोणी मागितला म्हणून लिहिला गेला, आणि मागणाऱ्यांवर तशी मागणी करण्याची वेळ का आली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. आम्हांला ते सांगणे अगत्याचे वाटते.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातल्या बुश्टन या गावी झाला. वडील व्यापारी होते, भाऊ रिचर्ड पुढे पॅरिस येथे ईशज्ञानाचे पंडित म्हणून राहिले. राणी पहिली एलिझाबेथ १५५८ मध्ये गादीवर आली आणि कॅथलिकांना दिवस कठीण झाले. मिस्सा साजरी करणे हा गुन्हा ठरला. अशा काळात तरुण स्टीफन्स यांचा स्नेह जडला तो थॉमस पाउंड नावाच्या एका श्रीमंत गृहस्थाशी. दोघांनी मिळून रोमला जायचे आणि येशूसंघात प्रवेश करायचा असा बेत ठरला. परंतु निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले. त्यांच्या आयुष्याची पुढची सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. मित्राला ते विसरले नाहीत. तुरुंगात असलेल्या पाउंड यांनाही संघात घ्यावे, अशी विनंती त्यांनी संघप्रमुखांकडे केली आणि १५७८ मध्ये ती मान्य झाली. ज्या माणसाचा अंगरखा संघाचा नव्हता, ज्याला संघाचे घर कधी पाहायला मिळाले नव्हते, तो अशा रीतीने बंदिवासातच येशूसंघीय झाला.

राजसत्तेने श्रद्धेवर बंदी घातली म्हणजे काय होते, हे स्टीफन्स यांनी आपल्या घरी पाहिले होते. पुढील चरित्र वाचताना ही गोष्ट वाचकांनी मनात ठेवावी.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजे निघाली. त्यांपैकी एकावर स्टीफन्स होते. त्या काळचा हा प्रवास म्हणजे सहा-सात महिन्यांची अग्निपरीक्षाच. हिरड्या सुजत, पाय सुजत, ताप आणि अतिसार जडत. त्यांच्या जहाजावर दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. एवढ्यावर भागले याबद्दल त्यांनी समाधानच व्यक्त केले आहे, यावरून एरवी काय होत असेल याची कल्पना यावी. २४ ऑक्टोबरला ते गोव्यात उतरले आणि तीन आठवड्यांच्या आत, १० नोव्हेंबर रोजी, त्यांनी वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. वारे, प्रवाह, नौकानयनातील अडचणी, समुद्रपक्षी, शार्क मासे असे सारे त्यात आहे. पुढे हॅक्लुट यांनी १५८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात हे पत्र छापले गेले आणि भारताच्या सागरी वाटेची माहिती इंग्रज व्यापाऱ्यांच्या हाती आली. भारतात येऊन स्थायिक झालेले पहिले इंग्रज म्हणून इतिहासकार ज्यांचे नाव घेतात ते हे स्टीफन्स. येथे येण्यामागे मात्र त्यांचा व्यापाराचा हेतू नव्हता, आणि ते आले तेही इंग्लंडच्या राणीच्या छत्राखाली नव्हे, पोर्तुगालच्या राजाच्या छत्राखाली.

त्यांना कार्यक्षेत्र मिळाले ते साष्टी. आमच्या वसई-ठाणे भागातील वाचकांनी येथे घोटाळा करू नये, कारण साष्टी म्हटले की आपल्याला आपलीच साष्टी आठवते. ही गोव्याची साष्टी, जुवारी नदीच्या दक्षिणेची, सहासष्ट गावांची. १५४३ मध्ये बारदेशाबरोबर ती विजापूरच्या आदिलशहाकडून पोर्तुगिजांकडे आली. १५६० मध्ये गोव्यात धर्मसमीक्षण न्यायालय, म्हणजेच इन्क्विझिशन, स्थापन झाले. १५६७ मध्ये राशोलच्या कप्तानाने साष्टीतील देवळे पाडण्याची मोहीम काढली आणि शेकडो देवळे जमीनदोस्त झाली. सार्वजनिक पूजाअर्चा बंद झाली, हिंदूंचे ग्रंथ बाळगण्यावर बंदी आली. अनेक कुटुंबे आपले देव घेऊन नदीपलीकडे गेली. जी राहिली त्यांतील पुष्कळांनी बाप्तिस्मा घेतला. कोणी श्रद्धेने, कोणी जमीन आणि गावातले मानाचे स्थान टिकवण्यासाठी, कोणी शेजाऱ्यांनी घेतला म्हणून. आज चारशेहून अधिक वर्षांनंतर त्यांच्या अंतःकरणांची झडती घेण्याचा अधिकार आम्हांला नाही. एवढे मात्र खरे, की स्टीफन्स येथे आले तेव्हा जखम अजून ओली होती.

१५८३ च्या जुलै महिन्यात ती वाहू लागली. साष्टीच्या दक्षिणेकडील कुंकळ्ळी व आजूबाजूची गावे पोर्तुगीज सत्तेला मानायला तयार नव्हती. त्यांच्यावर सैन्य धाडून देवळे पाडली गेली होती. त्यानंतर फादर रुदोल्फो आक्वाविवा चार सहकाऱ्यांसह चर्चसाठी जागा पाहण्याकरिता कुंकळ्ळीस गेले. हे आक्वाविवा म्हणजे फत्तेपूर सिक्री येथे अकबर बादशहाच्या दरबारात तीन वर्षे राहून नुकतेच परतलेले विद्वान आणि येशूसंघाचे तत्कालीन प्रमुख क्लाउदियो आक्वाविवा यांचे पुतणे. गावकऱ्यांनी हल्ला केला. पाचही येशूसंघीय आणि त्यांच्या सोबतचे काही स्थानिक ख्रिस्ती मारले गेले. स्टीफन्स यांचे हे सहकारी होते, याच साष्टीच्या मिशनकार्यात एकत्र राबणारे. त्या वर्षी २४ ऑक्टोबरला पॅरिसमधील भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या हत्याकांडाची हकिकत कळवली आहे.

पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये या पाच जणांना धन्य घोषित केले, हे आपल्याला ठाऊक असते. त्यानंतर काय घडले तेही ठाऊक असावे. गावच्या सोळा प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले आणि कोणताही खटला न चालवता त्यांतील पंधरा जणांना ठार मारण्यात आले. एक जण नदीत उडी टाकून निसटला. पुढे त्या गावांच्या जमिनी एका पोर्तुगीज सरदाराला दिल्या गेल्या. कुंकळ्ळीत आज रक्तसाक्ष्यांचे चॅपेल आहे आणि त्या गावप्रमुखांचे स्मारकही आहे. दोन्ही ठिकाणी थांबून मगच पुढे जावे असे आम्हांला वाटते.

त्याच वर्षाच्या अखेरीस आणखी एक प्रसंग घडला. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी हे चार इंग्रज हेर असल्याच्या संशयावरून होर्मुझला पकडून गोव्याच्या तुरुंगात आणले गेले. स्टीफन्स यांनी खटपट करून त्यांना जामिनावर सोडवले. चित्रकार असलेले स्टोरी येशूसंघीयांकडे कामाला राहिले. उरलेले तिघे १५८४ मध्ये गोव्यातून पळाले. फिच अनेक वर्षांनी इंग्लंडला परतले आणि भारताची जी माहिती त्यांनी दिली ती ईस्ट इंडिया कंपनी काढणाऱ्या व्यापाऱ्यांना उपयोगी पडली. उपकाराची फळे कुठल्या कुठे जातात पाहा.

स्टीफन्स यांचे खरे आयुष्य मात्र या घडामोडींच्या बाहेर, साष्टीच्या गावांत आणि राशोलच्या महाविद्यालयात गेले. सुमारे चाळीस वर्षे. काही काळ ते राशोलच्या महाविद्यालयाचे प्रमुख होते, काही काळ वरिष्ठांचे सहायक. परंतु पदांची जंत्री देण्यात आम्हांला स्वारस्य नाही. त्यांनी भाषा शिकून घेतली, हे महत्त्वाचे. भावाला लिहिलेल्या वर उल्लेखिलेल्या पत्रातच, म्हणजे येथे येऊन चार वर्षे होत असतानाच, त्यांनी येथील भाषांविषयी एक विलक्षण निरीक्षण नोंदवले आहे. या भाषांची घडण आणि वाक्यरचना लॅटिन व ग्रीक भाषांशी मिळतीजुळती आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते. सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याविषयीचा आपला प्रसिद्ध विचार मांडला तो १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी. स्टीफन्स यांचे पत्र तोवर कोणाच्या फारसे लक्षात आले नव्हते. त्या पत्रात नारळाच्या झाडाचेही कौतुक आहे. एकाच झाडापासून माणसाला किती गोष्टी मिळाव्यात याचे त्यांना नवल वाटले. कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्याला ते नवल वाटेनासे झाले आहे एवढेच.

आता त्या मागणीकडे वळू. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्याच अवस्वरात स्टीफन्स यांनी ग्रंथाच्या जन्माची कथा सांगितली आहे (अध्यायाला त्यांनी अवस्वर असा शब्द योजला आहे). साष्टीतल्या एका चर्चमध्ये रविवारी मुलांचे धर्मशिक्षण चालले असताना एक ब्राह्मण ख्रिस्ती पुढे येतो आणि पाद्रीगुरूंना एक प्रश्न विचारतो. आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का देत नाही, असा त्याचा आशय. हिंदूंना त्यांची पुराणे आहेत, मुसलमानांना त्यांचा ग्रंथ आहे. सण असो की सुटीचा दिवस, मनाला विरंगुळा आणि बोध देईल असे वाचायला आमच्याकडे काय आहे? धर्मसिद्धांताची प्रश्नोत्तरे पाठ करून पोट भरत नाही, हेच तो आपल्या परीने सांगत होता.

हा प्रश्न आम्हांला फार मोलाचा वाटतो. विचारणारा बंडखोर नव्हता, चर्चमध्ये येणारा होता. त्याने बाप्तिस्मा घेतला होता. तरीही घरातून काय गेले याचा हिशेब त्याच्याकडे होता, आणि तो त्याने अत्यंत सभ्य शब्दांत, देवळात सर्वांदेखत मांडला. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की ज्याच्यापुढे तो मांडला त्याने तो दडपला नाही. तो आपल्या ग्रंथाच्या प्रारंभी कायमचा लिहून ठेवला. पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या आणि धर्माधिकाऱ्यांच्या परवानगीने छापायच्या पुस्तकात तुम्ही आमची पुराणे बंद केलीत हे वाक्य एका नवख्रिस्ती माणसाच्या तोंडी जसेच्या तसे राहू देणे साधे नव्हते.

येथे स्टीफन्स यांना आजच्या कल्पनांचे कपडे चढवण्याचा मोह टाळला पाहिजे. सर्वधर्मसमभावाचा पुरस्कार त्यांनी केलेला नाही. जुनी पुराणे बंद झाली याविषयी त्यांनी खेद व्यक्त केलेला नाही आणि ख्रिस्तपुराणात मूर्तिपूजेवर टीका आहे. ते आपल्या काळाचे, आपल्या संघाचे धर्मप्रचारक होते आणि ज्या सत्तेने देवळे पाडली तिच्याच संरक्षणाखाली ते काम करीत होते. पण मागणाऱ्याला त्यांनी दिलेले उत्तर कोणत्याही फर्मानाच्या भाषेत नव्हते. ते उत्तर त्याच्याच भाषेत, त्याच्याच छंदात होते.

मराठी ओवी ज्ञानेश्वरांपासून चालत आलेली. स्टीफन्स गोव्यात होते त्याच काळात पैठणला एकनाथ लिहीत होते. १५९९ मध्ये त्यांनी देह ठेवला. १६०८ मध्ये देहूला तुकारामांचा जन्म झाला. या परंपरेच्या मध्यभागी राशोलला बसून एक इंग्रज ओव्या रचत होता. पहिल्या पुराणात ४,१८१ ओव्या आणि ३६ अवस्वर. सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतचा जुना करार त्यात येतो. दुसऱ्या पुराणात ६,७८१ ओव्या आणि ५९ अवस्वर. त्यात प्रभू येशूचे चरित्र आहे. एकूण १०,९६२ ओव्या. त्यांचा स्वर्ग म्हणजे वैकुंठ आहे, त्यांचा देव परमेश्वर आहे, तारण म्हणजे मुक्ती आहे. ऐकणाऱ्याला अर्थासाठी थांबावे लागत नव्हते. पुराण म्हणजे काय असते, ते कसे लावून म्हणायचे असते, श्रोत्यांनी कसे बसायचे असते, हे सारे साष्टीच्या माणसांना आधीच ठाऊक होते.

भाषेविषयी त्यांनी स्वतःच खुलासा केला आहे. ग्रंथ मराठीत आहे, परंतु जुन्या कवींचे अवघड शब्द लोकांना कळत नाहीत म्हणून ते टाळून येथील ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले आहेत, अशा अर्थाचे निवेदन त्यांनी आरंभी केले आहे. ही बोली म्हणजे कोंकणी. मराठी की कोंकणी या आपल्याकडील जुन्या वादात दोन्ही बाजू स्टीफन्स यांना आपले म्हणतात आणि दोन्ही बाजूंचे खरे आहे. ग्रंथासाठी त्यांनी मराठी योजली, कारण साष्टीत धर्मग्रंथाची आणि काव्याची भाषा ती होती. घरात बोलली जाणारी भाषा कोंकणी होती, म्हणून मुलांच्या धर्मशिक्षणाचे पुस्तक त्यांनी कोंकणीत केले. ते १६२२ मध्ये राशोलला छापले गेले. कोंकणीचे त्यांनी लिहिलेले व्याकरण इतर धर्मगुरूंनी भर घालून १६४० मध्ये प्रसिद्ध केले. ही दोन्ही पुस्तके छापलेली पाहायला ते हयात नव्हते. गोव्यातील येशूसंघाच्या कोंकणी केंद्राला त्यांचे नाव दिलेले आहे ते उचितच म्हणावे लागेल.

छपाईची कथा थोडी खेदाची आहे. गोव्यात १५५६ पासून छापखाना होता, पण त्याचे खिळे रोमन लिपीचे. ५ डिसेंबर १६०८ रोजी स्टीफन्स यांनी रोमला संघप्रमुख क्लाउदियो आक्वाविवा यांना पत्र लिहिले. कुंकळ्ळीत ज्यांचा पुतण्या मारला गेला होता तेच हे आक्वाविवा. येथील भाषेतले पुस्तक येथील लिपीत छापलेले पाहावे अशी आपली फार दिवसांची इच्छा आहे, असे त्यांनी कळवले. अडचणही सांगितली. आपल्या लिपीतील अक्षरे स्वर-व्यंजनांच्या जोडणीने होतात, त्यामुळे रोमन लिपीला चोवीस साचे पुरतात तेथे या लिपीला सहाशे लागतील. आज संगणकावर क्षणात उमटणारी जोडाक्षरे पाहताना हा आकडा आठवावा. ते सहाशे साचे झाले नाहीत. १६१६ मध्ये राशोलला ख्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन लिपीत. त्यानंतर तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी स्टीफन्स निवर्तले. चाळीस वर्षांत ते इंग्लंडला एकदाही परतले नाहीत.

ग्रंथ मात्र चालू लागला. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापला गेला. रविवारी आणि सणाच्या दिवशी मिस्सेनंतर चर्चमध्ये तो वाचला जाई, घरोघरी गाइला जाई. ज्याने पुराण मागितले होते त्याच्या नातवंडांना ते तोंडपाठ झाले असेल.

मग सत्तेचे धोरण फिरले. स्टीफन्स यांच्या पिढीत धर्मगुरूंनी लोकांची भाषा शिकावी असा आग्रह होता; आता लोकांनी राजाची भाषा शिकावी असा हट्ट सुरू झाला. १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने हुकूम काढला, की तीन वर्षांच्या आत गोव्यातील लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीजमध्येच बोलावे. असल्या हुकमांनी माणसे आपली भाषा सोडत नसतात. पण त्या भाषेतली पुस्तके निराधार होतात, त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाते. १७५९ मध्ये येशूसंघीयांनाच पोर्तुगीज मुलखातून हाकलून देण्यात आले. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकीचीही प्रत आज उपलब्ध नाही. ज्या सत्तेच्या आश्रयाने पुराण छापले गेले तिच्याच राज्यात ते नाहीसे झाले, असे आमचे मत आहे.

उरले ते हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींत. गोव्यातून निघून मंगळूरच्या बाजूला स्थायिक झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या सामानाबरोबर या पोथ्याही नेल्या. पिढ्यान् पिढ्या त्या वाचल्या, जीर्ण झाल्या की पुन्हा उतरवल्या. या पोथ्यांवरून जोसेफ साल्दाना यांनी १९०७ मध्ये मंगळूरला रोमन लिपीत ख्रिस्तपुराणाची आवृत्ती काढली. मराठी अभ्यासकांना ग्रंथ समग्र वाचायला मिळाला तो तेव्हा, लेखकाच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीन शतकांनी. पुढे १९२० च्या दशकात जस्टिन ॲबट यांना लंडनमधील मार्सडेन संग्रहात ख्रिस्तपुराणाचे देवनागरी हस्तलिखित आढळले. रोमन प्रतींत जेथे पोर्तुगीज व लॅटिन शब्द आहेत तेथे या हस्तलिखितात अनेकदा संस्कृत शब्द आहेत. मूळ रचना याच स्वरूपाची होती, की कोणी नंतर हा संस्कार केला, यावर विद्वानांत मतभेद आहेत आणि ते लवकर मिटतील असे दिसत नाही.

पुण्यात शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. सहाशे साच्यांची गोष्ट लिहिणाऱ्या त्या पत्राला तेव्हा ३४८ वर्षे होत होती.